डबा घेऊन आलेल्यांचा समुद्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, रायगड, अलिबाग
आणि जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील सर्व ग्रामपंचायतींचे सरपंच व सदस्य



मी शिवथर खोऱ्यातली. महाड तालुक्याच्या या टोकाला जिल्हा परिषदेच्या शाळांत माझी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतरही मी इथेच राहते. शिवथर म्हटलं की लोकांना घळ आठवते, समर्थ आणि दासबोध आठवतो, पावसाळ्यात घळीच्या तोंडावर कोसळणारा धबधबा आठवतो. समुद्र कुणालाच आठवत नाही. डोक्यावर वरंध घाट आणि भोवती सह्याद्रीचे कडे असलेल्या गावाचा समुद्राशी काय संबंध, असं आपल्यालाही वाटेल. पण तिसरीच्या वर्गाला जिल्ह्याची माहिती शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आले की, आपल्या जिल्ह्याला सुमारे २४० किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे. मुलं ते वाक्य वहीत उतरवून घेत. मग मी विचारायची, समुद्र कुणी कुणी पाहिलाय? दोन-तीन हात वर येत. त्यातलेही बहुतेक मुंबईला कामाला असलेल्या काकाकडे जाऊन चौपाटी पाहून आलेले. आपल्याच जिल्ह्याचा समुद्र पाहिलेलं मूल क्वचित सापडे.

आमचं पाणी मात्र समुद्राला रोज भेटतं. खोऱ्यातले ओढे शेवटी सावित्रीला मिळतात. सावित्री महाड, दासगाव, आंबेत करत बाणकोटच्या खाडीत उतरते आणि हरिहरेश्वरच्या डोंगराशेजारी समुद्रात शिरते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल कोसळला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट वाहून गेल्या, तेव्हा शोध घेणारे खाडी उतरत थेट समुद्रापर्यंत गेले. समुद्र आपल्यापासून किती जवळ आहे, हे आमच्याकडच्या अनेकांना त्या आठवड्यात कळलं.

गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर पुष्कळ काही झालं. अलिबाग, नागाव, काशीद, मुरुड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, सगळीकडे राहण्याची सोय वाढली, घरगुती खानावळी उघडल्या, गावातल्या बायकांच्या हातात पैसा आला. त्याचा मला आनंदच आहे. पण मी ज्यांच्या वतीने लिहिते आहे ती माणसं मुक्कामाला येत नाहीत. ती अंधारात उठून प्रासंगिक कराराच्या एसटीने किंवा टेम्पोने निघतात. भाकरी, चपात्या, बटाट्याची भाजी, लसणाची चटणी बांधून आणतात. दिवसभर किनाऱ्यावर थांबतात आणि दिवेलागणीला परत फिरतात. महाड-पोलादपूरचे शेतकरी, आदिवासी वाड्यांवरची कुटुंबं, महिला बचत गट, शाळेची पोरं. त्यांना खोली नको असते, म्हणून गावात त्यांना दार नसतं. किनाऱ्याचा सगळा कारभार मुक्कामाच्या पाहुण्याकडे बघून चालतो आणि दिवसभरासाठी आलेला माणूस कुणाच्याच हिशेबात नसतो. माझं म्हणणं एवढंच आहे की, त्याला हिशेबात घ्या. पुढचं सगळं त्यातून आलेलं आहे.

आधी सगळ्यात साधी गोष्ट सांगते, कारण ती सांगायला लोक लाजतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल किनाऱ्यावर गेली होती. गावाचं नाव लिहीत नाही. चाळीसेक मुलं, त्यात निम्म्याहून जास्त मुली. अडीच-तीन तासांचा प्रवास करून उतरलो. मुलींची पहिली गरज काय असणार हे सांगायला नको. किनाऱ्याच्या तोंडाशी स्वच्छतागृह होतं, रंगवलेलं, उद्घाटनाची पाटी लावलेलं. दाराला कुलूप होतं. किल्ली कुणाकडे, म्हणून विचारत मी तीन टपऱ्या फिरले. एकाने सांगितलं, किल्ली गावात असते, पण तो माणूस लग्नाला गेलाय. शेजारी जेवणाखाणाची एक जागा होती, तिथे विचारलं, तर फक्त गिऱ्हाइकांसाठी. शेवटी आम्ही दोघी शिक्षिकांनी केवड्याच्या जाळीमागे ओढण्या धरून आडोसा केला आणि एकेका मुलीला पाठवलं. सातवीतली एक मुलगी गेलीच नाही. तिला त्याच दिवशी पाळी आली होती. ती दिवसभर एसटीत बसून राहिली, खिडकीतून समुद्र बघत. परतताना मी तिला पाण्याची बाटली दिली, तेव्हा ती म्हणाली, "नको बाई, घरी गेल्यावर पिईन."

तेव्हापासून समुद्राच्या सहलीला निघताना मुलींना कमी पाणी प्या असं सांगायची वेळ माझ्यावर येत गेली. शिक्षिकेने असं सांगावं याची मला आजही लाज वाटते.

म्हणून मागणी अशी. जिथे जिथे लोक किनाऱ्यावर उतरतात, तिथे सकाळपासून सूर्यास्तापर्यंत उघडं असलेलं, पाणी असलेलं स्वच्छतागृह हवं. बाजूला कपडे बदलायला दोन खोल्या आणि अंगावरचं खारं पाणी धुवायला गोड्या पाण्याचा नळ हवा. माणशी पाच रुपये घ्या, दहा घ्या, शाळेकडून एकदम घ्या, पण उघडं ठेवा. दारावर किल्ली सांभाळणाऱ्याचं नाव आणि फोन लिहा. नवी इमारत बांधण्याआधी जुन्यांची कुलपं काढा. किनाऱ्याच्या गावांत शिरताना कुठे कुठे पावती फाडली जाते. त्याबद्दल तक्रार नाही. बाहेरच्यांनी टाकलेला कचरा गावाने फुकट का उचलावा? फक्त त्या पावत्यांतून वर्षाला किती जमले आणि कशावर खर्च झाले, हे ग्रामपंचायतीने किनाऱ्यावरच्याच एका फळ्यावर लिहावं. आमची माणसं पैसे देताना कुरकुर करणार नाहीत.

आता दुसरी गोष्ट. इथे मला जास्त बोलायचं आहे, कारण इथे जीव जातात.

आमच्या खोऱ्यातल्या मुलांना पोहता येतं. सात-आठ वर्षांचं पोर नदीच्या डोहात सूर मारतं. त्याला नदी कळते. संथ दिसतं तिथे पाणी खोल, खळखळतं तिथे उथळ, धार एकाच दिशेला ओढते, काठ नेहमी समोर असतो. हे शहाणपण समुद्रावर उलटतं. लाटा दोन्हीकडे फुटत असतात आणि मधेच एक पट्टा गुळगुळीत, शांत दिसतो. नदीकाठचा माणूस तीच जागा निवडतो. पण किनाऱ्यावर चढलेलं पाणी परत जायला तोच रस्ता धरतं आणि ती ओढ माणसाला आत नेते. तिच्याविरुद्ध हात मारणारा दमतो आणि बुडतो. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर पडायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्यात पाण्यात नुसतं उभं राहिलं तरी पायाखालची वाळू सरकत जाते. गुडघ्याइतक्या पाण्यात उभा असलेला माणूस कमरेइतक्या पाण्यात कधी गेला हे त्यालाच समजत नाही. म्हणून किनाऱ्यावर पोहता न येणारेच बुडतात असं नाही, पोहता येणारेही बुडतात.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीला बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे ८ जण गेले. दोन्ही सहली घाटावरून आलेल्या. त्यांना समुद्राची ओळख नव्हती. मुरुडला धावले ते गावातले लोक. काही मुलं वाचली ती त्यांच्यामुळे.

मुरुडनंतर काय झालं, ते शाळेत असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. हमीपत्रं आली, परवानग्या वाढल्या, मुख्याध्यापक समुद्राचं नाव काढेनात. आमच्या सहली प्रतापगड, रायगड आणि महाबळेश्वर एवढ्यावर आल्या. पावसाळ्यात धबधब्यांवर आणि किनाऱ्यांवर बंदीचे आदेश निघतात, तेही मी समजू शकते. जोराच्या पावसात आमच्या घळीतही कुणी उतरू नये असंच मला वाटतं. पण बंदीने किनारा सुरक्षित होत नाही. ज्याच्याकडे गाडी आहे तो आदेश असतानाही जातो. थांबतं ते फक्त सरकारी शाळेतलं पोर. त्याला समुद्राची भीती शिकवली जाते, समुद्र शिकवला जात नाही, आणि पुढे अठराव्या वर्षी मित्रांबरोबर मोटरसायकलवरून ते पहिल्यांदा पाण्यात उतरतं तेव्हा त्याला काहीच ठाऊक नसतं.

समुद्र शिकवता येतो. मला तो एका म्हाताऱ्या कोळ्याने शिकवला. सहलीतली मुलं वाळूत खेळत होती आणि तो होडीच्या सावलीला बसून जाळं सांधत होता. मी विचारलं, भरती कधी येणार? तो म्हणाला, "बाई, आज तिथी कोणती?" मी म्हटलं, चतुर्थी. "मग चारची पाऊणपट करा." चारची पाऊणपट तीन. "तीनला भरती." आणि खरोखर तीनच्या आसपास पाणी होडीपर्यंत आलं.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ जवळपास मिळते. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे दुपारी बारा वाजता ओहोटी. भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून पाऊणपट. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण, पाणी खूप वर चढतं आणि तितकंच मागे जातं. अष्टमीच्या सुमाराला भांग, चढउतार थोडा. वर्गात मुलं पाऊणकी पाठ करायला कंटाळायची, त्या दिवसानंतर नाही कंटाळली. सहलीची तारीख ठरली की वर्गातली पोरं भिंतीवरची दिनदर्शिका उघडून भरतीची वेळ काढायची आणि त्यावरून आम्ही पाण्यात किती वाजता उतरायचं ते ठरवायचो.

हाच हिशेब हरिहरेश्वरला लावून बघा. देवळाला वळसा घालणारी प्रदक्षिणेची वाट दोन कड्यांमधल्या अरुंद पायऱ्यांनी खाली समुद्रावर उतरते आणि पुढे लाटांनी जाळीसारख्या कोरलेल्या खडकांवरून जाते. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र. ती वाट ओहोटीची आहे. गावच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पण बाहेरून माणसं कोणत्या दिवशी येतात? महाशिवरात्रीला, पौर्णिमेला, अमावास्येला. महाशिवरात्र म्हणजे माघ वद्य चतुर्दशी. चौदाची पाऊणपट साडेदहा. म्हणजे दर्शनाची रांग सर्वांत मोठी असते त्याच वेळी, ऐन सकाळी, उधाणाची भरती त्या खडकांवर आलेली असते. पौर्णिमेला ती दुपारच्या तोंडावर येते. देवाचे दिवस आणि उधाणाचे दिवस एकच आहेत आणि दर वर्षी तेच असणार आहेत. इतक्या आधीपासून ठाऊक असलेल्या धोक्याला अपघात कसं म्हणायचं?

धोक्याची पाटी लागते तीही कशी, तर 'समुद्रात पोहणे धोकादायक आहे' एवढीच, बारा महिने चोवीस तास, ओहोटी असो वा उधाण. रोज तेच सांगणारी पाटी कुणी वाचत नाही. त्याऐवजी एक साधा काळा फळा हवा. त्यावर रोज सकाळी खडूने लिहावं, आज तिथी अमुक, भरती इतक्या वाजता, ओहोटी इतक्या वाजता, पाण्यात उतरायचं ते या दोन बांबूंच्या मधे. हे काम गावातल्या शाळेतली मुलंसुद्धा करतील. प्रदक्षिणेच्या वाटेवर पायऱ्यांच्या तोंडाशी दोर आणि माणूस असावा. भरतीच्या आधी दोन आणि नंतर दोन तास वाट बंद, मग ती महाशिवरात्र असली तरी. देव रागावणार नाही.

आणि जीवरक्षक. गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षकांची कायमस्वरूपी सेवा उभी केली. आपल्याकडे जिथे जीवरक्षक दिसतात तिथे ती बहुतेक गावचीच पोरं असतात, तुटपुंज्या मानधनावर, सुट्टीच्या दिवसांपुरती. त्यांच्याकडे शिट्टी असते, कधी फुगवलेली ट्यूब असते. कोळीवाड्यांतल्या या मुलांइतका समुद्र कुणाला कळणार? त्यांना रीतसर प्रशिक्षण द्या, महिन्याचा पगार द्या, विमा द्या, उंच मचाण, दोर, तरंगणाऱ्या कड्या आणि दुर्बीण द्या. पैसा नाही, माणसं नाहीत, असं उत्तर येईल. १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला शस्त्रं असलेली बेवारस बोट लागली, तेव्हा काही तासांत केवढी यंत्रणा तिथे उतरली होती, हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. ते योग्यच झालं. त्यातला थोडासा भाग वर्षभर बुडणाऱ्यांसाठी ठेवावा.

सावलीबद्दल थोडं. डबा घेऊन आलेल्या माणसाला किनाऱ्यावर सावलीइतकं काहीच लागत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यावर आलं आणि सुरूची बनं आडवी झाली. त्या बनात चादरी अंथरून जेवायची जागा होती, म्हातारी माणसं दुपारभर तिथे कलंडायची. आता कितीतरी ठिकाणी सावली पाहिजे तर एखाद्या दुकानाच्या छत्रीखाली खुर्ची घ्यावी लागते आणि खुर्ची घ्यायची तर काहीतरी मागवावं लागतं. झाडं पुन्हा लावताना उंडी, करंज, भेंड लावा. ही इथली झाडं आहेत, खारा वारा सोसणारी, दाट सावलीची. उन्हाळ्यात त्यांना पाणी घालायचं काम बचत गटांना द्या. झाडं उभी राहीपर्यंत नारळाच्या झावळ्यांचे मांडव चालतील. फरसबंदी, रंगीत दिवे आणि फोटो काढायला मोठ्या अक्षरांतलं गावाचं नाव यांच्या आधी सावली व्हायला हवी होती.

ब्लू फ्लॅग या आंतरराष्ट्रीय मानांकनाबद्दल आपण जाणताच. २०२० साली देशातल्या पहिल्या ८ किनाऱ्यांना ते मिळालं, त्यांत महाराष्ट्रातला एकही नव्हता. नंतर आपल्या जिल्ह्यातल्या श्रीवर्धन आणि नागावची नावंही त्यासाठी पुढे आली, ही चांगली बातमी आहे. त्याच्या ३३ निकषांत पाण्याची शुद्धता, स्वच्छतागृहं, जीवरक्षक, अपंगांना पाण्यापर्यंत जाता येणं, सगळं आहे. मला काळजी एवढीच वाटते की, झेंडा लागलेल्या एका-दोन किनाऱ्यांवर सगळा पैसा जाईल आणि बाकीचे आहेत तसेच राहतील. आमची एसटी झेंडा बघून जात नाही, जिथे भाडं परवडतं तिथे जाते.

आता वाटेबद्दल. जिल्ह्यातल्या काही किनाऱ्यांवर गेल्या पंधरा-वीस वर्षांत कुंपणं उभी राहिली. गावातून नारळ-सुपारीच्या वाड्यांमधून पुळणीवर उतरणाऱ्या जुन्या वाटा होत्या. त्यांतल्या काही आता फाटकाआड गेल्या आहेत. मी स्वतः एका फाटकावरून परत फिरले आहे. बरोबर आमच्या वाडीतली एक सत्तरीची आजी होती, तिचे गुडघे धरलेले, आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघायला आलेली. लाटांचा आवाज ऐकू येत होता. रखवालदार म्हणाला, इथून रस्ता नाही, तिकडून या. तिकडून म्हणजे दीड किलोमीटर. आजी मधेच एका दगडावर बसली. तिला आधार देत, थांबत थांबत आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. ती माझा हात घट्ट धरून घोट्याइतक्या पाण्यात उभी राहिली, पुष्कळ वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एवढं पाणी, आणि आपल्याकडं शिमग्यानंतर टाक्याला रांग." मग वाकून तिने ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं. ती आजी आता नाही.

भरतीच्या रेषेखालची समुद्राची आणि खाडीची जमीन सरकारची, म्हणजे सगळ्यांची आहे, हे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० मध्ये लिहिलेलं आहे, आणि ती संहिता राबवणं हे आपलंच काम आहे. १९८१ साली पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून ५०० मीटर किनारा बांधकामापासून मोकळा ठेवायला सांगितलं होतं. पुढे १९९१ ची किनारा नियमन अधिसूचना आली, २०११ ला नवी आली, २०१९ ला आणखी एक, आणि प्रत्येक वेळी काही अंतरं आकसली. किनाऱ्याकडे जाणारी लोकांची वाट कुणाला अडवता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली गोव्यातल्या दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याच्या खटल्यात सांगितलं. समोर मोठं हॉटेल होतं, तरीही सांगितलं. तेव्हा कायदा आमच्या बाजूला आहे. कमी आहे ती पाहणी. प्रत्येक किनारी गावच्या जुन्या नकाशावरून पुळणीवर जाणाऱ्या वाटा शोधून काढा, त्या मोजा, तोंडाशी दगड रोवून त्यावर 'सार्वजनिक वाट' असं कोरा. तलाठी आणि गावातली चार म्हातारी माणसं मिळून हे काम एका उन्हाळ्यात होईल. मोठ्या किनाऱ्यांवर निदान एका वाटेवर तरी चाकाची खुर्ची पाण्याजवळ जाईल अशी पक्की उतरंड करा.

मी महाडची आहे, म्हणून 'सार्वजनिक' हा शब्द मला हलका वाटत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांनाही खुले करणारा बोल्यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ च्या ऑगस्टमध्ये मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठरावही त्यानंतर केला. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तळ्यापर्यंत चालत गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तोवर ते ठराव कागदावरच होते. पुढेही कोर्टात दहा वर्षं गेली, उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ च्या मार्चमध्ये लागला. ती लढाई माणूस म्हणून जगण्याची होती. तिची बरोबरी मी फाटकावरून परत फिरण्याशी करत नाही, करू नये. पण त्या तळ्याच्या काठावर वाढलेल्या आम्हा लोकांना एक गोष्ट कळते. जागा सर्वांची आहे असा कागद असणं वेगळं आणि प्रत्येकाचे पाय पाण्यापर्यंत पोहोचणं वेगळं.

पुळणीवर गाड्या घालण्याबद्दल थोडक्यात. दर सुट्टीला कुठली तरी गाडी भरतीत रुतते आणि तिची चित्रं फिरतात. रुतलेल्या गाडीबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण जिथे पोरं वाळूत खेळतात तिथे गाडी का यावी? हिवाळ्यात हरिहरेश्वर, दिवेआगरच्या पुळणीत कासविणी अंडी घालतात. खाडीपलीकडे वेळासला २००२ पासून गावकऱ्यांनी ती राखली, पिल्लं समुद्रात सोडताना पाहायला लोक येऊ लागले, गावाला रोजगार मिळाला. वेळासला जमलं ते आपल्या सगळ्या काठाला का जमू नये? प्रत्येक पुळणीच्या तोंडाशी चार लाकडी खुंट रोवले तर गाडी आत जाणार नाही. एवढंच काम आहे.

आमच्याकडूनही चुका होतात, त्या लपवत नाही. आमची माणसं जेवून उठली की पत्रावळी तिथेच राहतात. सावित्रीला पूर आला की महाड-पोलादपूरचा सगळा कचरा खाली जातो आणि तो कुणाच्या तरी पुळणीवर साचतो. आमच्या औद्योगिक वसाहतीतलं पाणीही सावित्रीच्या खाडीतच जातं. त्यावर वचक ठेवण्याची विनंती किनाऱ्याइतकीच इथेही लागू आहे. सहलीला जाताना प्रत्येक वर्गाने एक पोतं बरोबर न्यायचं आणि भरून परत आणायचं, असा नियम मी माझ्या शाळेत केला होता. तो पाळला गेला. आपण जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना तसं सांगितलंत तर पाळला जाईल.

साहेब, आपल्या कचेरीपासून समुद्र चालत जाण्याइतका जवळ आहे. येत्या थंडीत एखाद्या कामाच्या दिवशी, कुणाला न कळवता, श्रीवर्धन किंवा हरिहरेश्वरच्या पुळणीवर या. खोली घेऊ नका. घरून डबा घेऊन या, दिवसभर तिथेच थांबा, घरातल्या बायकामुलींना बरोबर आणा आणि संध्याकाळी परत जा. सरपंचांनीही शेजारच्या तालुक्यातल्या किनाऱ्यावर असंच जाऊन बघावं. मग आपल्याला काय काय करावंसं वाटलं ते आम्हाला कळवा. फळा आणि खडू तोवर थांबायला नको. हरिहरेश्वरच्या पायऱ्यांशी तो महाशिवरात्रीच्या आधी लागायला हवा. त्या दिवशी भरती सकाळी साडेदहाच्या सुमाराला असेल.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
शिवथर खोरे, ता. महाड, जि. रायगड